नवगावचे पाहुणे आणि यजमानाचे कर्तव्य
अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. आज त्यांची नातवंडे आजोबांचे गाव पाहावयास येतात, ती मात्र परदेशी नागरिक म्हणून. ओसीआय कार्ड नसल्यास त्यांना व्हिसा घ्यावा लागतो. ई-व्हिसाचा अर्ज शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा.

परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळविणे निवास देणाऱ्यावर बंधनकारक आहे. किनाऱ्यावर लॉज चालविणाऱ्या व्यापारी बंधूंनी पासपोर्ट व व्हिसाची नोंद त्याच दिवशी करावी. रोजमेळ रोज लिहिणाऱ्यांना हे जड नाही. विसर पडल्यास जबाब यजमानालाच द्यावा लागतो.