हवेतल्या लहरी (भाग ७) : उणे सहा, उणे तीन

या आठवड्यात अँटेनाची पाळी होती. ती पुढे ढकलावी लागली ती वाळूज एमआयडीसीतून आलेल्या एका प्रश्नामुळे. तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघणाऱ्या वाचकाने गेल्या भागानंतर आरटीएल-एसडीआर हा रेडिओलहरी ऐकणारा यूएसबी डोंगल मागवला. शेडमधल्या ईओटी क्रेनचा रिमोट अधूनमधून उशिरा दाद देतो, तेव्हा त्या वेळी तिथल्या हवेत काय चाललेलं असतं हे त्यांना पडद्यावर पाहायचं आहे. प्रयोग करण्यासारखा आहे. डोंगलमध्ये ट्रान्समीटर नाही, तो फक्त ऐकतो; त्यामुळे त्याच्याकडून क्रेनला चुकीचा हुकूम जाण्याची भीती नाही. पण उबुंटूच्या लॅपटॉपवर डोंगल उघडेचना. दर वेळी एकच ओळ : यूएसबी_क्लेम_इंटरफेस एरर -६.

ही ओळ पाहून अनेकांनी चांगले डोंगल परत पाठवले असतील. वास्तविक उणे ६ म्हणजे बिघाड नव्हे. यूएसबीची लायब्ररी एवढंच सांगत असते की हे उपकरण आधीच कुणाच्या तरी ताब्यात आहे. आणि तो ‘कुणीतरी’ असतो खुद्द लिनक्सचा कर्नल!

डोंगलमधली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप मुळात डीव्हीबी-टी पद्धतीचा टीव्ही दाखवण्यासाठी बनली. एफएम रेडिओसाठी मात्र तिच्यात वेगळी सोय केलेली होती : उकल चिपने करायचीच नाही, ८ बिटांचे कच्चे नमुने तसेच संगणकाकडे सोडायचे आणि उरलेलं काम सॉफ्टवेअरने करायचं. लिनक्ससाठी टीव्ही-ड्रायव्हर लिहिणाऱ्या फिनलंडच्या अँटी पालोसारीच्या हे २०१२ साली लक्षात आलं. ऑस्मोकॉम या मुक्त-स्रोत प्रकल्पाच्या मंडळींनी त्यावर लायब्ररी रचली. मग आर८२०टी ट्यूनरचा तोच स्वस्त डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत काहीही ऐकू लागला.

कर्नलच्या लेखी मात्र तो अजून टीव्हीच. डोंगल खोचला की कर्नल ओळखक्रमांक वाचतो (एलएसयूएसबी चालवलं तर ०बीडीए:२८३८ असा दिसतो), डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू हे मॉड्यूल चढवतो आणि डोंगल अडवून बसतो. वाळूजमध्ये तर या अडवण्याचा कुणालाच उपयोग नाही. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६मध्ये १६ शहरांत मोबाइलवर टीव्ही दाखवणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्या यादीत मुंबईबरोबर वाळूजजवळचं औरंगाबादही होतं. पण ते प्रक्षेपण डीव्हीबी-टी२चं, आणि ही चिप पहिल्या डीव्हीबी-टीच्या पुढे जात नाही. म्हणजे जो टीव्ही या डोंगलवर कधी दिसणारच नाही, त्याच्यासाठी कर्नल जागा धरून बसतो.

तेव्हा ते मॉड्यूल बिनधास्त बंद करावं. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून तिच्यात ‘ब्लॅकलिस्ट’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव, एवढी एकच ओळ लिहायची. आधीच चढलेलं मॉड्यूल त्याने उतरत नाही. ते वेगळं उतरवावं लागतं, नाहीतर मशीन रीस्टार्ट करावं.

इतकं केल्यावर बहुतेकांना दुसरी ओळ भेटते : यूएसबी_ओपन एरर -३. आता डोंगल मोकळा आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. पुष्कळ जण इथे सुडो लावून मोकळे होतात. ही सवय वाईट. जीएनयू रेडिओसारखा भलामोठा प्रोग्राम केवळ एक डोंगल वाचण्यासाठी रूटच्या अधिकाराने चालवण्यात काहीच अर्थ नाही. त्यासाठी यूडेव्हचा नियम असतो : या ओळखक्रमांकाचं उपकरण आलं की ते प्लगडेव्ह गटाला खुलं करा. आपलं नाव त्या गटात घालायचं, लॉगआउट होऊन परत लॉगिन करायचं आणि डोंगल काढून पुन्हा लावायचा. ज्यांनी लायब्ररी सोर्समधून बांधली त्यांना हा त्रास जास्त होतो, कारण यूडेव्हचे नियम बसवण्याचा पर्याय बांधतानाच सांगावा लागतो आणि घाईत तो हमखास राहतो.

एवढं झालं की आरटीएल_टेस्ट चालवून दोन-तीन मिनिटं तसंच सोडावं. सेकंदाला २० लाखांवर नमुने, प्रत्येकाचे २ बाइट, म्हणजे ४ एमबीहून जास्त माल सतत यूएसबीवरून येत असतो. सुरुवातीला थोडे नमुने हरवले तर हरकत नाही. हरवतच राहिले तर हब काढून डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावावा.

वाळूजच्या वाचकाने इथवर मजल मारली आणि परवा पुन्हा लिहिलं : ‘ई४००० ट्यूनर सापडला नाही, थांबतो’ असं येतंय, डोंगल नकली निघाला का? नाही. त्यांनी आरटीएल_टेस्टला ‘-टी’ जोडला होता. ती चाचणी फक्त एलोनिक्सच्या जुन्या ई४००० ट्यूनरसाठी आहे. त्याच्या वरच्या ओळीत राफाएल मायक्रो आर८२०टी सापडल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचावं आणि ‘-टी’ काढून टाकावा.