शालेय कलाशिक्षण : अर्थ, मूल्य आणि महाराष्ट्रातील वास्तव

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र विभागातील सहकारी एक अनुभव नेहमी सांगतात. प्रात्यक्षिकाच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली खोडाचा आडवा काप ठेवलेला असतो. विद्यार्थी भिंगातून एकदा डोकावतो आणि जर्नलमध्ये जी आकृती काढतो ती क्रमिक पुस्तकातील असते. काप तिरपा गेलेला असो वा मध्येच फाटलेला असो, जर्नलमधील आकृती मात्र निर्दोष वर्तुळाकार असते. हा दोष विज्ञानाच्या अध्यापनाचा आहे असे आपण मानतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते त्याचे मूळ त्याहून मागे, शाळेतील चित्रकलेच्या तासिकेत आहे. समोरची वस्तू पाहणे, पाहिलेले कागदावर उतरवणे आणि उतरवलेले पुन्हा वस्तूशी ताडून पाहणे ही क्रिया शिकवण्याचे काम शालेय अभ्यासक्रमात ज्या विषयाकडे होते, तो विषय वेळापत्रकात उरला आहे. वर्गात तो क्वचितच आढळतो.

अध्यापक महाविद्यालयात काम करीत असल्याने सरावपाठांच्या निमित्ताने अनेक शाळांत जाण्याचा योग येतो. त्या निरीक्षणांच्या आधारे शालेय कलाशिक्षणाचा, मुख्यतः चित्रकलेचा, अर्थ आणि मूल्य तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. संगीत, नृत्य व नाट्य यांचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय होय.

मुलाचे चित्र आणि त्याचा शेवट

मूल अक्षर गिरवण्यापूर्वी रेघोट्या मारते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाच्या अवस्था मांडल्या. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्या, चार ते सात या वयात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे, सात ते नऊ या वयात प्रत्येक गोष्टीचे एक ठरलेले चिन्ह, आणि नऊनंतर वास्तवाची जाणीव असा हा क्रम आहे. वयोमर्यादा सर्वत्र तंतोतंत लागू पडतात असे नाही. परंतु ज्या शिक्षकाने हा क्रम समजून घेतला आहे त्याला मुलांच्या तथाकथित चुका वेगळ्या दिसू लागतात.

सात-आठ वर्षांचे मूल घर काढते तेव्हा भिंत असूनही आतील चूल, आजी आणि पाळणा दाखवते. एस.टी. काढते तेव्हा पत्र्यातून प्रवासी आरपार दिसतात. कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ मारून माणसे, झाडे, बैल त्या रेघेवर उभे करते. भीतीदायक मास्तर झाडापेक्षा उंच असतात. मोठ्यांना ही चित्रे चुकीची वाटतात, कारण मोठी माणसे चित्राकडे छायाचित्र म्हणून पाहतात. मूल मात्र आपल्याला काय ठाऊक आहे आणि आपल्या लेखी काय महत्त्वाचे आहे ते मांडत असते. आजी घरात आहे हे त्याला ठाऊक आहे. मग भिंतीमुळे ती का झाकली जावी?

नऊ ते बाराच्या दरम्यान हा आत्मविश्वास ढासळतो. मुलाला आता आपले चित्र 'खऱ्यासारखे' दिसत नाही हे कळू लागते. याच वयात योग्य मार्गदर्शन मिळाले तर निरीक्षणाची खरी सुरुवात होते. न मिळाल्यास 'मला चित्र काढता येत नाही' हे वाक्य मूल बोलते आणि बहुधा आयुष्यभर बोलत राहते. आपल्यापैकी किती प्राध्यापक हेच वाक्य सहजपणे उच्चारतात! मला लिहिता येत नाही असे मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही.

या निर्णायक वयात आपल्या शाळा मुलाच्या हाती काय देतात? दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र शिक्षक फळ्यावर काढतात व वर्ग ते उतरवून घेतो. कोकणातील मुलाने डोंगर काढणे समजू शकते. परंतु विदर्भातील सपाट काळ्या रानात वाढलेली मुलेही तेच डोंगर काढतात. त्यांच्या चित्रात कपाशी नसते, तुरीची ओळ नसते, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन नसते. प्रात्यक्षिकातील निर्दोष वर्तुळाची पूर्वतयारी येथे झालेली असते.

ग्रेड परीक्षांची परंपरा

महाराष्ट्रातील शालेय चित्रकलेला एक विशिष्ट इतिहास आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथे १८९३ पासून रेखाकला शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम चालू झाला. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीची छाप असलेल्या या शिक्षणात हात आणि डोळा यांना वळण लावून कारागिरी व उद्योग यांना उपयोगी पडेल असे कौशल्य निर्माण करण्यावर भर होता. म्हणूनच भूमितीला महत्त्व, नक्षीला महत्त्व, बिनचूक बाह्यरेषेला महत्त्व. मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला त्यात विशेष जागा नव्हती आणि ती असावी असे कोणाला वाटलेही नसावे.

१९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या परिचयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट, या संचालनालयामार्फत घेतल्या जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन ही त्यांची चौकट त्या जुन्या वळणाचीच आहे. या परीक्षांची हेटाळणी करणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. तालुक्याच्या गावातील असंख्य मुलांनी जलरंगाची पहिली वडी या परीक्षेच्या निमित्तानेच विकत घेतली. अनेकांना पुढे ए.टी.डी. पदविकेचा व चित्रकारितेचा मार्ग त्यातूनच सापडला. वस्तुचित्राच्या प्रश्नपत्रिकेत तर समोरची किटली व तिच्याशेजारचे कांदे पाहिल्याशिवाय गत्यंतरच नसते. हा या परीक्षेचा सर्वांत सकस भाग होय.

अडचण निराळीच आहे. इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात श्रेणीनुसार वाढीव गुण देण्याचा निर्णय झाल्यावर परीक्षेला बसण्याचा हेतू बदलला. स्मरणचित्रासाठी 'आठवडी बाजार' किंवा 'बसस्थानक' अशी तयार रचना पाठ करून घेणारे वर्ग सुरू झाले. स्मरणचित्र म्हणजे स्वतः पाहिलेल्या प्रसंगाचे स्मरण. येथे स्मरण होते ते शिकवणीतील नमुन्याचे. वाढीव गुणांनी विषयाची प्रतिष्ठा वाढली असे काही कलाशिक्षक सांगतात. प्रतिष्ठा परीक्षेची वाढली. आठवीच्या आत चित्रकलेची तासिका होते की नाही याची चौकशी त्यामुळे कोणी करू लागले, असे दिसत नाही.

सेवाग्रामचा दाखला

दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता असे नाही, आणि तो महाराष्ट्रातच चोखाळला गेला होता. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा जो आराखडा तयार केला त्यात मूलोद्योगाबरोबर चित्रकला व संगीत यांना स्थान होते. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे कलाशिक्षक म्हणून राहिले. 'बच्चों की कला और शिक्षा' हे त्यांचे हिंदी पुस्तक १९५९ चे. पुढे १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' प्रसिद्ध केले.

नंदलाल बोस यांची दृष्टी या संदर्भात लक्षात घ्यावी लागते. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या सजावटीत त्यांचा सहभाग होता. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी केलेल्या चित्रफलकांत शेतकरी, कारागीर, वादक, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि ते हातकागदावर मातीच्या रंगांनी रंगवलेले आहेत. कला ही चैनीची वस्तू नसून रोजच्या जगण्यातील नीटनेटकेपणाशी तिचे नाते आहे, हा विचार देवीप्रसादांनी तेथून आणला. ते स्वतः कुंभारकामही करीत. चरखा, शेत आणि माती यांमध्ये वावरणारे मूल चित्र काढते तेव्हा त्याला विषय शोधावा लागत नाही, हे त्यांना उमगले होते. बुनियादी शाळा पुढे ओसरल्या आणि हा प्रयोगही त्यांच्यासोबत विस्मरणात गेला. बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण फ्रोबेल व माँटेसरी शिकवतो. देवीप्रसादांचे नावही घेत नाही, याची खंत वाटते.

मूल्य कशात?

कलाशिक्षणाचे समर्थन करताना अलीकडे एक युक्तिवाद हटकून केला जातो : कला शिकल्याने गणित सुधारते, बुद्धी वाढते. या मोहापासून दूर राहणे श्रेयस्कर. १९९३ मध्ये मोत्सार्टच्या संगीताविषयीचा जो प्रयोग गाजला तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील होता आणि दिसलेला परिणाम काही मिनिटांपुरताच होता. एलेन विनर व लोइस हेटलंड यांनी २००० मध्ये उपलब्ध संशोधनांचा व्यापक आढावा घेतला, तेव्हा दृश्यकलांमुळे अन्य विषयांतील संपादन वाढते या दाव्याला पुरेसा कार्यकारण पुरावा आढळला नाही. याच अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह पुढे प्रत्यक्ष कलावर्गांचे निरीक्षण करून २००७ मध्ये 'स्टुडिओ थिंकिंग' हे पुस्तक प्रसिद्ध केले. बारकाईने पाहणे, नसलेले मनात आणणे, काम अर्धवट न सोडणे, स्वतःच्या कृतीचे परीक्षण करणे अशा सवयी त्या वर्गांत शिकवल्या जात असल्याचे त्यांना दिसले. गणिताच्या गुणांचा आधार काढून घेतला तरी या सवयींचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. शिवाय ज्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, तरीही वाटेल ते उत्तर चालत नाही, अशा प्रश्नाशी मुलाची गाठ शाळेत आणखी कोठे पडते?

शालेय वर्गातील वारली चित्रकला हे याचे उलट उदाहरण होय. माठावर पांढऱ्या रंगाने दोन त्रिकोण जोडून माणूस काढला की वारली झाली, अशी समजूत आहे. मूळ परंपरेत विवाहप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात व त्यात पालघाट देवीला स्थान असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संदर्भांवाचून काढलेला त्रिकोण हा फळ्यावरील डोंगराचाच भाऊ ठरतो.

कायदा, तासिका आणि शिक्षक

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने तयार झालेल्या कलाविषयक निबंधाने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचे असावे अशी शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्म अध्यापनावर भर आहे. मात्र शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा जो निदेशक सांगितला आहे तो अंशकालीन आहे, आणि तोही पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असेल तरच. खेड्यातील अनेक शाळांची पटसंख्या शंभराच्या आतच असते. तेथे कलेची तासिका भाषेच्या किंवा गणिताच्या शिक्षकाकडे जाते आणि तिचे काय होते ते आपण सर्व जाणतो. सर्व विषयांत कला मिसळावी हे तत्त्व उत्तम आहे. पण कला जाणणारा शिक्षकच शाळेत नसेल तर मिसळायचे काय? सातत्यपूर्ण मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदींचे तयार संच बाजारात मिळतात. 'चित्रात सुंदर रंग भरतो' ही एकच नोंद तीस मुलांपुढे पाहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखिकेवर आला आहे.

दिवाळीनंतरच्या सरावपाठात आमच्या दोन छात्राध्यापिकांनी एका शाळेत सातवीच्या वर्गावर चित्रकलेची तासिका मागून घेतली. फळ्यावर काहीही काढले नाही. प्रत्येक मुलाच्या हाती उमललेले कपाशीचे एक बोंड दिले व ते काढण्यास सांगितले. बराच वेळ 'बाई, कसं काढायचं?' हाच प्रश्न चालू होता. दोघा-तिघांनी कागदाच्या कोपऱ्यात सवयीने डोंगर काढून टाकले. मग एका मुलीने शेजारणीच्या बोंडाशी आपले बोंड लावून पाहिले व म्हणाली, 'बाई, माझ्या बोंडाला चार कप्पे आहेत, हिच्या बोंडाला पाच.' वर्ग बोंडे मोजू लागला. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे कापूस वेचला जातो त्या मुलांनी बोंडाचे कप्पे प्रथमच मोजले. तास संपला तेव्हा एकही चित्र पूर्ण झाले नव्हते. छात्राध्यापिकांनी पुढच्या आठवड्याची तासिका मागितली. ती घटक चाचणीच्या सरावासाठी अगोदरच दिली गेली होती.