‘दोन कोयत्यांना उचल दिली’: संगणक हे वाक्य कसे वाचतो?

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की धारूर, वडवणी, केजच्या वस्त्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मुकादमाने दोन कोयत्यांना उचल दिली.’ आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. वाक्यरचना उलगडून दाखवणारा संगणक मात्र त्याचे झाड काढतो. हे झाड उलटे असते, मूळ वर आणि फांद्या खाली :

दिली
├─ मुकादमाने (कोणी?)
├─ कोयत्यांना (कोणाला?)
│　└─ दोन (किती?)
└─ उचल (काय?)

‘दोन’ हा शब्द क्रियापदाला नव्हे, ‘कोयत्यांना’ला लटकतो. शब्द मागेपुढे केले, ‘उचल दिली मुकादमाने दोन कोयत्यांना’ म्हटले, तरी झाड तेच राहते. कारण मराठीत नाते प्रत्यय सांगतात, जागा नव्हे. ‘दिली’ स्त्रीलिंगी का, तेही इथे दिसते. ते ‘उचल’मुळे, मुकादमाचा त्यात संबंध नाही.

आता ‘पोतं उचल’ घ्या. इथे तोच शब्द मुळाशी जाऊन बसतो. कुठे कोणते झाड, हे यंत्र माणसांनी हाताने काढलेल्या नमुन्यांवरून शिकते. अशा साठ्याला ट्रीबँक म्हणतात. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या जागतिक प्रकल्पात विनीत रविशंकर यांनी २०१७ मध्ये मराठीची ट्रीबँक केली. तिच्यात ४६६ वाक्ये आहेत, बहुतेक विकिस्रोतावरच्या गोष्टींतली. काम मोलाचेच आहे. पण त्या गोष्टींत उसाचा फड कुठून येणार? आपल्याकडे ‘पोरांना’ नाही, ‘पोरायला’ म्हणतात. हा प्रत्यय नमुन्यात नसेल तर ‘कोणाला?’ची फांदी कुठे जोडायची, इथेच यंत्र अडखळू शकते. मग बोलणाऱ्याचीच भाषा अशुद्ध ठरवली जाते. शाळेतही हेच होत आले आहे.

आणि झाड बरोबर आले तरी ‘कोयता’ उरतोच. फडावर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन कोयते म्हणजे चार माणसे, आणि त्यातल्या दोन बाया उचलीच्या हिशेबात बहुधा वेगळ्या दिसत नाहीत. झाडातही त्या दिसत नाहीत.

बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर स्वतः काम केले; शासनाच्या ग्रंथमालेच्या १६व्या खंडात ते छापले आहे. तेव्हा व्याकरण हे चळवळीबाहेरचे काम नव्हे. विहारातल्या अभ्यासिकेत कागद-पेन पुरते : आईचे एक वाक्य ती बोलते तसेच लिहा, क्रियापद वर ठेवा आणि ‘कोणी, काय, कोणाला’ विचारत खाली उतरा.