धुलाईयंत्राची निगा

भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे गाव धानाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा लागला, की या तालुक्यातील बांध्यांमधून चिखलणी आणि रोवणी यांची एकच धांदल उडते. दिवसभर राबून सायंकाळी परतणारा शेतकरी आधी बैलांना नाल्यावर नेऊन धुतो, नांगराला चिकटलेला चिखल खरवडून काढतो आणि मगच स्वतः हातपाय धुऊन जेवावयास बसतो. ज्याच्याकडून काम घ्यावयाचे, त्याची निगा राखली पाहिजे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच घरातील न्हाणीजवळ उभे असलेले कपडे धुण्याचे यंत्र मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. जे रोजच साबणाच्या पाण्यात बुडते, ते निराळे कशाला धुवावयाचे, असे पुष्कळांना वाटते.

ही समजूत चुकीची आहे. कपड्यांतून निघालेला मळ नाहीसा होत नाही. तो केवळ आपली जागा बदलतो. सदऱ्याच्या गळ्याजवळचा तेलकटपणा, घाम, चिखल, सुताचे बारीक तंतू ही सर्व कपड्यांतून सुटून पाण्यात उतरतात. त्यांतील बराचसा भाग पाण्याबरोबर वाहून जातो. उरलेला यंत्रातच अडकतो. तो अडकतो तरी कोठे? स्वयंचलित यंत्रात कपडे ज्या भोकांच्या पिंपात फिरतात, त्याच्या बाहेर पाणी धरून ठेवणारे दुसरे पिंप असते. या दोहोंमधील फटीत दृष्टी पोहोचत नाही आणि हातही पोहोचत नाही. तेथे मळाचा व धुण्याच्या पुडीचा चिकट थर साचत जातो. पावसाळ्यातील दमट हवेत त्या थरावर बुरशी आणि सूक्ष्म जंतू वाढतात. मग नुकत्याच धुतलेल्या गणवेशालाही कुबट वास येऊ लागतो. कपडे नीट निघाले नाहीत, असे समजून घरातील माणसे पूड अधिक घालतात. ती जास्तीची पूड वाहून न जाता त्या थरातच भर घालते. अशा रीतीने उपायच रोग वाढवितो.

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी असून तेथील खनिज विजेच्या कोरड्या घटांसाठी उपयोगी पडते. खाणीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर खनिजाची धूळ बसते. ती साबणाने विरघळत नाही. जड असल्यामुळे यंत्राच्या तळाशी जाऊन बसते. असे कपडे झटकणेही बरे नव्हे, कारण उडालेली धूळ श्वासावाटे शरीरात जाते आणि हे फार काळ घडल्यास अपाय होतो. म्हणून खाणीतील व शेतातील कपडे प्रथम निराळ्या बादलीत भिजवून विसळावेत आणि मगच यंत्रात घालावेत. खिसे तपासणेही तितकेच अगत्याचे आहे. एखादे नाणे किंवा खिळा पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची वाट अडवू शकतो.

यंत्राचा दुसरा शत्रू पाण्यातच लपलेला असतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जमिनीतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर आणते. अशा पाण्यात साबणाला फेस कमी येतो. म्हणून त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. हे पाणी तापले, की त्यातील काही क्षार घट्ट होऊन पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने चिकटून बसतात. पाणी तापविण्याच्या भांड्यात आतून दिसणारा पांढरा थर तो हाच. पाणी तापविणाऱ्या यंत्रातील कांडीवर तो चढला, म्हणजे पाणी तापण्यास वेळ लागतो, वीज अधिक जळते आणि शेवटी कांडीच निकामी होते. लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक आम्ल या थरावर गुणकारी आहे. थरातील कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया झाली, की कार्बन डायॉक्साइड वायूचे बुडबुडे निघतात आणि थर सुटून पाण्याबरोबर जातो. यासाठी यंत्राच्या माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे लिंबूसत्त्व घालून, कपडे न घालता, गरम पाण्याने यंत्र फिरवावे.

येथे एक धोका नीट ध्यानात ठेवला पाहिजे. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. दुप्पट स्वच्छतेच्या हौसेने केलेले असे मिश्रण जिवावर बेतू शकते.

नित्याची निगा मात्र अगदी सोपी आहे. धुणे संपताच दाराभोवतीचे रबर कोरड्या फडक्याने पुसावे आणि आत हवा खेळावी म्हणून झाकण थोडे उघडे ठेवावे. मात्र लहान मूल किंवा मांजर आत शिरणार नाही, याकडे लक्ष द्यावे. तंतू अडविणारी जाळी वरचेवर धुवावी. नळाकडून येणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली गाळणी अधूनमधून साफ करावी. यंत्राचे पाय समपातळीत नसले, तर ते हादरते व त्याचे भाग झिजतात. कोणतीही सफाई करण्यापूर्वी नळ बंद करून विजेची जोडणी सोडवावी, आणि हे काम मोठ्या माणसांनीच करावे. खिसे तपासणे, रबर पुसणे ही कामे मुलांनाही सहज जमतात.

यंत्र बंद पडले, म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च येतो असे नाही. चिखलाने जड झालेले कपडे दगडावर आपटण्याचे कष्ट पुन्हा घरातील कोणाच्या तरी, बहुधा आईच्याच, वाट्यास येतात. बैल धुतल्यावाचून शेतकऱ्याचा दिवस पुरा होत नाही. त्याचप्रमाणे यंत्र पुसून कोरडे केल्यावाचून धुणेही पुरे झाले, असे समजू नये.