थोरल्या घराण्याची धाकटी बाटली

पेण आणि रोहे या तालुक्यांतील भातगिरण्यांत एकाच खाचराचे भात भरडले जाते आणि चाळणीशी त्याचे वाटे होतात. अखंड तांदूळ एका पोत्यात, कणी दुसऱ्यात. शेत एक, गिरणी एक, भाव मात्र निराळे. आणि पेजेसाठी कणी घेणारी गृहिणी ती कणी समजूनच घेते. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतात तांबड्या द्राक्षमद्याची जी नामांकित घराणी आहेत, त्यांचे ‘दुसरे मद्य’ म्हणजे काय हे समजावयास हा दाखला पुष्कळ अंशी उपयोगी पडतो. पुष्कळ अंशी म्हणावयाचे, कारण तेथे निवड चाळणी करीत नाही, जीभ करते.

बोर्दोमध्ये द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. मळ्यातील निरनिराळ्या तुकड्यांचा माल निरनिराळा आंबविला जातो. पुढे काही महिन्यांनी घराण्यातील जाणते लोक एकेक मद्य चाखून पाहतात आणि मुख्य नावास कोणते शोभेल हे ठरवितात. जुन्या वेलींचे मद्य बहुधा निवडले जाते. कोवळ्या वेलींचे किंवा कमी प्रतीच्या जमिनीतले बहुधा मागे राहते. मागे राहिलेले टाकाऊ असते असे मुळीच नव्हे. परंतु ते मुख्य मद्यात मिसळले तर पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नावास उणेपणा येतो, आणि ओतून द्यावे तर नुकसान होते. यातून निघालेली वाट म्हणजे दुसरे नाव.

मार्गो या घराण्याने ‘पाव्हियाँ रूझ’ हे नाव 1908 मध्ये योजिले. मध्यंतरी ते मागे पडले आणि 1977 नंतर पुन्हा रूढ झाले. लातूर घराण्याच्या (मराठवाड्यातील लातुराशी याचे काही नाते नाही) ‘ले फोर द लातूर’चे पहिले पीक 1966 चे. ही निवड किती कठोर असते हे पाहण्यासारखे आहे: मार्गोच्या मळ्यातील निम्म्याहूनही कमी मद्य अलीकडे मुख्य नावास पात्र ठरते.

मूटॉन घराण्याची कथा मात्र सावध करणारी आहे. 1930 चे पीक हलके निघाले, तेव्हा बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी ते घराण्याच्या नावाने न विकता ‘मूटॉन कादे’ या नावाने विकले. कादे म्हणजे धाकटा. हा धाकटा लोकांस इतका आवडला की, मूटॉनचा मळा त्यास पुरेना. बोर्दो प्रांतभरची द्राक्षे त्यात येऊ लागली. आज त्याचा मूळ मळ्याशी संबंध नावापुरता उरला आहे. घराण्याचे खरे दुसरे मद्य ‘ल पती मूटॉन’ हे 1990 नंतरच्या दशकात निघाले. ग्राहकास दोहोंतील भेद चिठ्ठीवरच सापडतो. एकीवर उगमस्थान म्हणून ‘बोर्दो’ असा सबंध प्रांत लिहिलेला असतो, दुसरीवर ‘पोयाक’ हे एकच गाव. नाव वाचण्यापूर्वी गाव वाचावे, हे बरे.

आपल्या नाशिककडे रीत पुष्कळशी उलटी दिसते. तेथे सुला या मद्यशाळेचे नाव नित्याच्या बाटलीवर असतेच. निवडक मालास वर ‘दिंडोरी रिझर्व्ह’ असे अधिक बिरुद लाविले जाते. बोर्दोत नाव काढून घेतात, येथे जोडतात.

दुसरे मद्य लवकर पिण्याजोगे होते, त्यातील तुरटपणा सौम्य असतो. चांगल्या सालचे असेल तर जाणत्यास ते किफायतीचे पडे. ‘पडे’ म्हणावयाचे कारण लाफीतचे ‘कारुआद’. 2010 च्या सुमारास चीनमधील श्रीमंत गिऱ्हाइकांनी लाफीत या अक्षरांसाठी त्याचा भाव भलताच चढविला. घराण्याने जे मद्य मुख्य नावास उणे ठरविले, त्याच्यासाठी लोक त्या नावाचीच किंमत मोजू लागले! इकडे लातूर घराण्याने दुसऱ्या नावासही न शोभणारे मद्य वेगळे काढून, पोयाक गावाचे नाव पुढे करून, तिसरी बाटली कधीच बाजारात आणली आहे.