एका इलेक्ट्रॉनाची उणीव

माणसाच्या खिशातून एक पैसा गेला, तर त्याच्या चेहऱ्याचा रंग पालटत नाही. रेणूची गोष्ट निराळी. त्याचा एकच इलेक्ट्रॉन गेला, तरी कित्येकदा त्याचे सारे रूप बदलते. या एका उणिवेची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

१८२५ साली फॅरडे यांनी दिव्याच्या वायूबरोबर मिळणाऱ्या तेलातून बेंझीन वेगळे काढले. १८६५ मध्ये केकुले यांनी त्याची सहा कार्बन-अणूंची कडी सुचविली. प्रत्येक कार्बनाला एकेक हायड्रोजन जोडलेला असतो, आणि तो काढून त्याच्या जागी दुसरा अणुगट बसविता येतो.

नुसते बेंझीन आपला इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडीत नाही. त्यासाठी सुमारे ९.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्चावी लागते. पण कडीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर नायट्रोजन असलेले गट बसविले, की ते कडीला आपले इलेक्ट्रॉन पुरवितात आणि हा हात सैल होतो. अशा एका पांढऱ्या पदार्थापासून १८७९ मध्ये वुर्स्टर यांना गडद निळे लवण मिळाले. त्याचे खरे स्वरूप मात्र बराच काळ वादात होते. १९३० नंतरच्या दशकात मायकेलिस यांच्या मोजमापांनी ते पक्के झाले: रेणूतून फक्त एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो, आणि एक एकटा, बिनजोडीचा मागे उरतो. अशा रेणूला मूलक-धनायन म्हणतात.

मग रंग कोठून आला? मूळ रेणूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसलेले असतात. त्यांना वरची रिकामी पायरी गाठायला मोठी उडी घ्यावी लागते. तेवढी ऊर्जा जंबुपार किरणांतच असते, आणि ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पदार्थ रंगहीन भासतो. एक इलेक्ट्रॉन गेला, की हाताशीच एक जागा मोकळी होते. खालच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन तेथे थोडक्या ऊर्जेने चढतो. त्यासाठी पिवळा-नारिंगी प्रकाश पुरतो. वर्णपटात सुमारे ५६५ आणि ६१२ नॅनोमीटरपाशी प्रकाश गिळला जातो. उरलेला निळा-जांभळा आपल्याला दिसतो.

हे केवळ पंडितांचे कुतूहल नव्हे. हाच पदार्थ रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत जंतू ओळखण्यासाठी वापरतात. त्याच्या द्रावणाने ओला केलेल्या कागदावर जंतू घासतात. पटकीच्या जंतूजवळ इलेक्ट्रॉन ओढून घेणारी श्वसनयंत्रणा असते, त्यामुळे सुमारे दहा सेकंदांत कागद जांभळा होतो. आतड्यात नेहमी राहणारा ई. कोलाय मात्र तो रंग देत नाही. एवढ्याने पटकी सिद्ध होत नाही, पुढच्या चाचण्या कराव्याच लागतात. पण वाट निश्चित होते.

येथे एक सावधगिरी हवी. हवेतील ऑक्सिजनही तोच इलेक्ट्रॉन हळूहळू काढून घेतो. लोखंडी तारेनेही फसवा रंग येतो. म्हणून द्रावण ताजे असावे आणि नजर घड्याळावर असावी. उशिरा आलेला निळा रंग जंतूची साक्ष देत नाही; तो बहुधा हवेची साक्ष देतो. रंग दिसणे सोपे असते; तो कोणी आणला हे ओळखणे, हेच खरे शास्त्र.