डिंकाच्या पिशवीचे भांडण आणि कामगाराचा हात

बारामती-इंदापूर भागातली द्राक्षे आणि डाळिंबे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून बाहेरगावी जातात. फळरसाच्या छोट्या खोक्याला स्ट्रॉ चिकटवलेली असते, सॅनिटरी पॅडच्या मागे चिकट पट्टी असते. अशा अनेक ठिकाणी ‘हॉट मेल्ट’ नावाचा डिंक वापरतात. शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, हेन्केल या जर्मन कंपनीचा औद्योगिक डिंकांचा मोठा कारखाना २०२० मध्ये सुरू झाला.

हॉट मेल्टमध्ये प्लास्टिकसारखे पदार्थ, राळ आणि मेण असते, पाणी नसते. टाकीत साधारण १२० ते १८० अंश सेल्सिअसला तो वितळवून लावला, की काही सेकंदांत घट्ट होतो. मात्र पॅड आणि लेबलसाठीचा प्रकार थंड झाल्यावरही चिकटच राहतो. त्याचे तुकडे एकमेकांना चिकटतात. सिलिकॉनच्या कागदात गुंडाळला, तर तापलेल्या टाकीशेजारी उभे राहून तो कागद हाताने सोलावा लागतो.

यावर तोडगा निघाला तो डिंकासोबतच वितळणाऱ्या पातळ पिशवीचा. पिशवीसकट डिंक टाकीत टाकायचा. पण गरम डिंक ओतताना पिशवीच वितळू नये म्हणून ती बाहेरून पाण्याने थंड ठेवावी लागते. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशा वेष्टन-पद्धतींना पेटंटे मिळाली. अशा पेटंटांवरचे वाद बारीक मुद्द्यांवर फिरतात. पिशवी किती जाड, किती अंशाला वितळणारी, डिंकात पूर्ण मिसळणारी की नाही? आणि मुख्य म्हणजे, हे खरेच नवे, की जाणकाराला सहज सुचणारे?

‘हे आधीच ठाऊक होते’ या मुद्द्याचे बळ आपण हळदीच्या वेळी पाहिले. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना ‘सीएसआयआर’ने जुने लिखित पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले.

भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. मंजुरीपूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो; मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर संबंधितांना एक वर्ष मिळते. पेटंट देशापुरते असते. बदल्यात संशोधकाला पद्धत जाहीर करावी लागते. त्यामुळे मुदत संपलेली पद्धत लहान कारखानदारही वापरू शकतो. कागद सोलण्याचे काम वाचते, तसा कामगाराचा हातही.

पिशवी आली तरी टाकी गरमच असते. उष्णतारोधक हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा हवाच. डिंक अंगावर पडलाच, तर तो ओढून काढू नये. सोबत कातडी निघते. तो भाग लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, घड्याळ काढावे. बर्फ, टूथपेस्ट लावू नये, आणि हळदही नाही. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णालय गाठावे. डोळ्याजवळ पडला, तर क्षणभरही थांबू नये. पाण्याची धार सुरू करावी.